लंडनमध्ये फुकट काय मिळतं?

लंडनला शिकायला गेलात की पहिले दोन महिने डोक्यात एकच गणित चालू असतं. गुणिले एकशे दहा. कॉफी साडेतीन पौंड, म्हणजे... जाऊ दे, नको. बसचं तिकीट पावणेदोन पौंड, म्हणजे... चालतच जाऊ. मी २०२४च्या सप्टेंबरमध्ये साताऱ्याहून निघाले तेव्हा बॅगेत आजीने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीच्या दोन बरण्या होत्या आणि डोक्यावर एज्युकेशन लोन. पूर्व लंडनमध्ये तिघींत मिळून एक घर घेतलं होतं. हीटर सकाळी दोन तास आणि रात्री तीन तास, असा घरमालकाचा नियम. नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार पडायला लागला आणि कॉलेजच्या लायब्ररीत जागा मिळेना, तेव्हा प्रश्न असा होता की शनिवार-रविवारी ऊब, स्वच्छ टॉयलेट आणि बसायला बाक या तीन गोष्टी एकाच ठिकाणी फुकट कुठे मिळतील?

उत्तर आहे, म्युझियममध्ये. खोटं कशाला बोलू, कलेच्या ओढीने वगैरे मी गेलेच नव्हते.

लंडनबद्दल तुम्हाला कोणी सांगत नाही अशी ही गोष्ट. टॉवर ऑफ लंडनचं तिकीट पस्तीस पौंडांच्या घरात आहे (कोहिनूर तिथेच आहे, मी अजून पाहिलेला नाही, आणि त्या पैशांत माझा आठवड्याचा किराणा येतो). पण इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांची कायमची दालनं २००१पासून सगळ्यांना मोफत आहेत. ब्रिटिश म्युझियमचे दरवाजे १७५९मध्ये उघडले, ते जवळजवळ सुरुवातीपासूनच बिनतिकिटाचे. दाराशी देणगीची पेटी असते, तिच्याकडे न बघता आत जायची सवय आठवडाभरात लागते.

पहिल्यांदा ब्रिटिश म्युझियमला गेले तेव्हा मी तुमच्यापैकी नव्वद टक्के जण करतील तेच केलं. नकाशा घेतला आणि 'आज सगळं बघायचं' असं ठरवलं. इजिप्तच्या ममी, असीरियाचे पंखवाले बैल, ग्रीस, रोम, चीन, जपान. चार तासांत दोनशे फोटो. रात्री फोटो बघायला बसले तर निम्म्या वस्तू काय आहेत तेच आठवेना. पाय मात्र व्यवस्थित आठवण करून देत होते. या संग्रहालयाकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यांतल्या साधारण एक टक्काच एका वेळी मांडलेल्या असतात. म्हणजे 'सगळं बघायचं' हा बेत तिथे काम करणाऱ्यांनासुद्धा जमलेला नाही.

दुसऱ्या वेळी मी एक नियम केला. एका खेपेला तीनच वस्तू. प्रत्येकीसमोर किमान पंधरा मिनिटं. पहिली पाच मिनिटं फोन बाहेर काढायचा नाही. सांगायला सोपं, करायला भयंकर. तिसऱ्या मिनिटाला आपण उगीच इकडेतिकडे बघायला लागतो. पण सातव्या-आठव्या मिनिटाला काहीतरी दिसायला लागतं. रोझेटा स्टोनचंच घ्या. त्याच्यासमोर नेहमी गणपतीतल्यासारखी गर्दी, सगळे समोरून सेल्फी घेतात आणि पळतात. तुम्ही थांबा. एकच फर्मान तीन लिप्यांत कोरलंय, वर चित्रलिपी, मध्ये डेमोटिक, खाली ग्रीक. ख्रिस्तपूर्व १९६मधलं, इजिप्तच्या पाचव्या टॉलेमी राजाचं. १७९९मध्ये नेपोलियनच्या सैनिकांना तो सापडला, १८०१च्या तहात इंग्रजांनी मिळवला, १८२२मध्ये शांपोलियोंने त्यावरून चित्रलिपी उलगडली. हे सगळं पाटीवर आहे. पण दगडाच्या कडेवर इंग्रजीतही काहीतरी रंगवलेलं आहे. ब्रिटिश सैन्याने १८०१मध्ये इजिप्तमध्ये तो जिंकून घेतला, असं. म्हणजे दगडावर मजकूर चार झाले. चौथा वाचायला शांपोलियो लागत नाही.

याच म्युझियमच्या काही दालनांत टेबल मांडून स्वयंसेवक बसलेले असतात, बहुतेक जण निवृत्त. ते खऱ्या वस्तू तुमच्या हातात देतात. खऱ्या, प्रतिकृती नव्हे. माझ्या तळहातावर एका आजोबांनी एक रोमन नाणं ठेवलं. अठराशे वर्षांत ते कुणाकुणाच्या हातात गेलं असेल, असा विचार माझ्या मनात आला असं लिहायला छान वाटेल, पण खरंतर मनात आलं की हे पडलं तर? आजोबा हसून म्हणाले, सगळ्यांचा चेहरा असाच होतो.

आता अमरावतीबद्दल. खोली क्रमांक ३३अ. चीन आणि दक्षिण आशियाच्या लांबलचक दालनाच्या शेवटी काचेच्या भिंतीमागे ही खोली आहे. आत आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे शंभराहून अधिक पांढुरके कोरीव दगड. बुद्धाच्या जन्मकथा, कमळं, माणसं खांद्यावरून वाहून नेताहेत ती जाडजूड माळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॉलिन मॅकेन्झी नावाचा अधिकारी तिथे पोचला, तेव्हा स्तूपाचे दगड काढून बांधकामाला वापरले जात होते. पुढे वॉल्टर इलियटने १८४५मध्ये खोदकाम केलं, दगड मद्रासला गेले, त्यांतले बरेच १८५९मध्ये जहाजाने लंडनला आले. राहिलेले चेन्नईच्या म्युझियममध्ये आहेत. स्तूपाच्या जागी आता मुख्यतः मातीचा उंचवटा उरलाय.

मी बसले होते तेव्हा तिघं मुलं आली, तेलुगूत बोलत. एकाने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हळूहळू एकेका दगडावरून फिरवत नेला, आपण घर भाड्याने घेताना घरच्यांना खोल्या दाखवतो ना, अगदी तसा. आई काहीतरी विचारत होती, तो उत्तर देत होता. भाषा कळत नव्हती, तरी प्रश्न मला माहीत होता. कारण तोच प्रश्न माझ्या आजीने मला विचारला होता.

थोडं मागे जाते. जुलै २०२४. व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली. माझी व्हिसाची धावपळ चालू होती, पण आजीने हट्टच धरला. आजी माझी चाळीस वर्षं शिवणकाम करत आलेली, गुडघे गेलेले, तरी रांगेत उभी राहिली. काचेपुढे आम्हाला जेमतेम काही सेकंद मिळाले. तिने हात जोडले. बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं की ही तीन वर्षांसाठी आलीत, मग परत जाणार. आजी थांबली. "म्हंजे? उसनी आणलीत व्हय?"

हो, उसनीच. ऑक्टोबर २०२३मध्ये लंडनमध्ये जो करार झाला तो तीन वर्षांच्या कर्जाऊ प्रदर्शनाचा. ही वाघनखं तिथे गेली कशी, तर जेम्स ग्रँट डफमुळे. 'मराठ्यांचा इतिहास' लिहिणारा हाच तो. १८१८नंतर तो साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता, आणि पेशव्यांच्या प्रधानाने त्याला ही भेट दिली असं पेटीवरच्या लेखात म्हटलंय. त्याच्या वंशजांनी १९७१मध्ये ती व्ही अँड एला दिली. अफजलखानाच्या वेळची ती हीच, याचा पुरावा आपल्याकडे नाही, असं म्युझियम स्वतःच सांगतं. मी हे आजीला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर मी लंडनला पोचले तेव्हा वाघनखं साताऱ्यात आणि मी व्ही अँड एमध्ये, अशी अदलाबदल झाली होती. हे म्युझियम मात्र माझं सगळ्यांत लाडकं, हे कबूल करते. शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि त्या वेळी शाळांच्या सहली नसतात. एक्झिबिशन रोडच्या बाजूच्या भिंतीला दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचे खड्डे आहेत, मुद्दाम न बुजवता ठेवलेले. आत मायकलअँजेलोच्या डेव्हिडचा भलाथोरला प्लास्टरचा पुतळा आहे. १८५७मध्ये राणी व्हिक्टोरियाला भेट आलेला. राजघराण्यातल्या स्त्रिया यायच्या तेव्हा लाज राखायला एक प्लास्टरचं पान अडकवायचे, ते पान पुतळ्याच्या मागच्या बाजूला एका पेटीत ठेवलंय. हमखास बघा.

आणि टिपूचा वाघ. लाकडाचा, जवळजवळ खऱ्या आकाराचा, खाली पडलेल्या गोऱ्या शिपायाच्या नरड्याशी दात रुतवलेला. बाजूला एक दांडा आहे. तो फिरवला की वाघ गुरगुरतो आणि माणूस विव्हळतो, पोटात चक्क ऑर्गन बसवलाय. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लुटीत इकडे आला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत लोकांना बघायला ठेवला गेला. येणारा-जाणारा दांडा फिरवायचा. शेजारी वाचनालय होतं, तिथले वाचक वैतागले होते म्हणे. आता तो काचेत आहे, चूपचाप.

पण व्ही अँड एशी मराठी मुलांचं खरं नातं वेगळंच आहे, आणि ते मला तिथे गेल्यावर कळलं. १८७२पासून पुढची बरीच वर्षं जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी, तुमच्याच वयाचे, जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकाबरोबर हंगामाहंगामाला अजिंठ्याला जाऊन राहत होते. मुंबईहून प्रवास, लेण्यांत अंधार, वटवाघळं, आणि भिंतीवरचं चित्र तसंच्या तसं कॅनव्हासवर उतरवायचं काम. त्यांच्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अशाच प्रती काढण्यात वीसेक वर्षं घालवली होती आणि त्यांतल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. म्हणून हे दुसऱ्यांदा. विद्यार्थ्यांची चित्रं लंडनला, याच म्युझियमला पाठवली. आणि १८८५मध्ये इथेही आग लागली. पुन्हा बरीच जळाली! वाचली ती आज व्ही अँड एच्या संग्रहात आहेत, आणि अजिंठ्यात जे पुसट झालंय त्यातलं काही या मुलांच्या चित्रांत अजून दिसतं. असाइनमेंट सबमिट केली आणि सरांच्याकडून हरवली, एवढ्यावर आपण आकांत करतो.

मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे ना, त्याचंही आधीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच होतं, १९७५पर्यंत. मी मुंबईला कितीदा गेले असेन, तिथे पाय ठेवला नव्हता. लंडनहून परत गेल्यावर गेले. लाज वाटली, पण गेले.

मग हे सगळं परत का देत नाहीत? हा प्रश्न मी इथे तीन-चार वेगवेगळ्या लोकांना विचारला आणि वेगवेगळी उत्तरं मिळाली. कायद्याचं उत्तर असं की ब्रिटिश म्युझियमला १९६३चा आणि व्ही अँड एला १९८३चा कायदा लागू आहे. काही मोजके अपवाद सोडले तर संग्रहातली वस्तू त्यांना कायमची देऊनच टाकता येत नाही. म्हणून 'कर्ज' हा शब्द. पार्थेनॉनची शिल्पं ग्रीस कितीतरी वर्षं मागतोय. १८१६मध्ये ब्रिटिश संसदेने लॉर्ड एल्गिनकडून ती ३५ हजार पौंडांना विकत घेतली, पण एल्गिनने ती ज्यांच्या परवानगीने काढली ते ऑटोमन तुर्क होते, ग्रीक नव्हेत. दुसरं उत्तर असतं, 'आम्ही सांभाळली म्हणून राहिली.' अमरावतीच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य आहे, मला तरी ते सरळ फेटाळता येत नाही. पण ऑगस्ट २०२३मध्ये ब्रिटिश म्युझियमनेच जाहीर केलं की त्यांच्या संग्रहातून वस्तू चोरीला गेल्यात, आकडा दोन हजारांच्या आसपास निघाला, संचालकांना पद सोडावं लागलं. तेव्हापासून हे वाक्य जरा खालच्या आवाजात बोललं जातं.

आणि इच्छा असली तर देता येतं, हेही लंडनमध्येच दिसतं. दक्षिणेकडे फॉरेस्ट हिलला हॉर्निमन म्युझियम आहे, एका चहाच्या व्यापाऱ्याने उभं केलेलं. त्याला तो राष्ट्रीय संग्रहालयांचा कायदा लागू नाही. २०२२मध्ये त्यांनी बेनिनच्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. काही वस्तू तिकडे गेल्या, काही अजून इथेच आहेत, पण आता पाटीवर त्या नायजेरियाकडून उसन्या घेतलेल्या! मी ती पाटी दोनदा वाचली. (हॉर्निमनचा प्रसिद्ध पेंढा भरलेला वॉलरस मात्र हुकला, ते दालन दुरुस्तीला बंद होतं. भरणाऱ्यांनी खरा वॉलरस कधी पाहिला नव्हता, त्याच्या कातडीला सुरकुत्या असतात हे माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तो टम्म फुगेपर्यंत भरला.)

बाकीच्यांबद्दल भराभर सांगते. नॅचरल हिस्टरीला मधल्या हॉलमध्ये २५ मीटरचा निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, तो बघून बाहेर पडलात तरी चालेल. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. लिंकन्स इन फील्ड्सला सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर आहे, ते चुकवू नका. त्याने संसदेतून कायदाच करवून घेतला की मेल्यावर घर आहे तसंच ठेवायचं, आणि १८३७पासून ते तसंच आहे. एका खोलीतल्या भिंती कपाटाच्या दारासारख्या उघडतात आणि आत आणखी चित्रं निघतात. तळघरात इजिप्तच्या सेती राजाची दगडी शवपेटी, जी ब्रिटिश म्युझियमला महाग वाटली आणि सोनने दोन हजार पौंडांना घेतली. पाठीवरची सॅक तिथे पिशवीत घालून हातात धरावी लागते, कारण गल्ल्या आपल्या पेठांतल्या जुन्या वाड्यांतल्या जिन्यांएवढ्या अरुंद.

आणि एक दुपार तरी बाबासाहेबांसाठी ठेवा. ब्रिटिश म्युझियमच्या काचेच्या छताखालच्या चौकात मधोमध गोल इमारत दिसते. तिथे १८५७मध्ये उघडलेलं वाचनालय होतं. मार्क्स तिथे बसला, लेनिन खोट्या नावाने बसला, आणि १९२०नंतरच्या लंडनच्या मुक्कामात डॉ. आंबेडकर तिथे दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. १९१७मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्याने त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. मग मुंबईत नोकरी करून पैसे साठवले, काही उसने घेतले, शाहू महाराजांची मदत मिळाली आणि ते परत आले. पुस्तकं आता सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली आहेत. तिथून प्रिमरोझ हिलच्या बाजूला किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे, १९२१-२२मध्ये ते तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५मध्ये विकत घेतलं. शांत रस्ता, साधं तीन-चार मजली घर, दाराशी निळी पाटी. आत फोटो आणि पुस्तकं. मी गेले तेव्हा अभिप्रायाच्या वहीत वरच्याच पानावर कुणीतरी मराठीत फक्त आपलं गाव आणि जिल्हा लिहिला होता, बाकी काही नाही. लोनच्या हप्त्याची चिंता घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने त्या घरात दहा मिनिटं बसावं, एवढंच म्हणेन.

शेवटी मे महिन्यात एक गोष्ट घडली. व्ही अँड एने पूर्व लंडनमध्ये, ऑलिम्पिक पार्कात, आपलं गोदामच लोकांना खुलं केलं. ३१ मे २०२५ला उघडलेलं हे 'व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस'. चार मजली रॅकवर पुतळे, खुर्च्या, पेट्या, सायकली, मध्येच आग्र्याच्या किल्ल्यातली संगमरवरी कमानींची रांग. आणि कमाल म्हणजे इथे तुम्ही वस्तू 'मागवू' शकता. ऑनलाइन यादीतून पाचपर्यंत वस्तू निवडायच्या, किमान दोन आठवडे आधी कळवायचं, ते काढून ठेवतात. फुकट. प्रोफेसरचं पत्र नको, कारण सांगायला नको. ॲमेझॉनसारखं, फक्त घरी नेता येत नाही.

मी एक साधं सुती कापड मागवलं. पश्चिम भारतातलं, एकोणिसाव्या शतकातलं, एवढीच नोंद होती. जरतारी काही नाही, रोजच्या वापरातलं. जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी मी गेले. पांढऱ्या टेबलावर कापड उलगडून ठेवलं होतं. हात लावायचा नाही, फोटो काढला तर चालेल, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी माझा पंधरा मिनिटांचा नियम लावला. दहाव्या मिनिटाला काठाजवळ दोन बोटांएवढी जागा दिसली, जिथे वीण किंचित वेगळी होती. मी फोटो काढून आजीला व्हॉट्सअॅप केला. साताऱ्यात दुपारचे साडेतीन झाले असणार. पाच मिनिटांत तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरची शिट्टी.

"रफू हाय ते. लई चांगल्या हाताचं हाय. उलट्या बाजूनं भरलंय, आन् दोरा त्याच कापडाचा काढलेला हाय, काठातनं. बघ बरं, काठात कुठंतरी एक दोरा कमी असंल."

मी त्या बाईंना सांगितलं. त्यांनी भिंग आणलं, हातमोजे घातले, कापडाची कड अलगद उलटी केली आणि दोघी मिळून काठ तपासत गेलो. टोकाजवळ एक दोरा खरंच कमी होता. त्यांनी विचारलं, हे कुणी सांगितलं? मी म्हटलं, आजीने. त्यांनी पेन्सिलने कागदावर लिहून घेतलं, मग थांबून आजीच्या नावाचं स्पेलिंग विचारलं.